बारावी फरशी

परदेशात गेलं की माणसं मान वर करून फिरतात. मी तीन दिवस मान खाली घालून फिरलो. सूनबाईनं मोबाइलमध्ये चौदा ठिकाणांची यादी भरून दिली होती, प्रत्येक ठिकाणी माझा फोटो हवा अशी तंबीही दिली होती. आणि पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पाहिलं काय, तर एका वाचनालयाची फरशी, एका बँकेची फरशी आणि एका शाळेच्या पायऱ्या!

यजमान होता ओळंबा. खरं नाव त्याच्या पासपोर्टवर असेल. आमच्यात तो ओळंबाच. एकाच मिस्त्रींच्या हाताखाली आम्ही दोघं फरशी बसवायला शिकलो. तो भिंतीला लावायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा उंच, सरळसोट, बोलायला कमी, म्हणून मिस्त्रींनी त्याचं नाव ओळंबा ठेवलं. मी जरा खुट्ट झालं की भडकायचो, म्हणून मी तडतड्या. पुढे तो इकडे आला, मी तिकडेच राहिलो. तीस वर्षं आम्ही फोनवर एकमेकांना शिव्या घातल्या. अलीकडे मात्र फोन वहिनीच उचलायच्या, तो कामावर आहे म्हणायच्या.

इथल्या एका बांधकाम कंपनीत तो आता फरशी बसवत नाही, तपासतो. कारागीर काम उरकून गेले की शेवटी हा एकटा मागे राहतो आणि एकेक फरशी ठोकून बघतो. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असला तर फरशी टणक वाजते, पोकळी राहिली असली तर बद्द. बद्द वाजणारी फरशी आज ना उद्या तडकतेच. हा ‘ठीक’ म्हणाला की मगच इंजिनिअरबाई सही करतात.

तो मान त्याच्या डोक्यात गेलाय, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. गाडीत मी अर्धा तास बडबडलो, हा हूं नाही की चूं नाही. मोठा पूल आला, “हा कुठला रे?” म्हणून विचारलं, तर साहेब समोर बघून गाडी हाकतायत. वाचनालयात शिरल्यावर मात्र म्हणाला, “चाल जरा. बघ कशी वाटते.” गुडघे या धंद्यातच झिजल्यामुळे माझ्या हातात काठी असते. तिला खाली लोखंडी टोपी आहे, आणि नवी फरशी दिसली की ती आपोआप वाजते. चाळीस वर्षांची खोड. मी वाजवत चाललो, आणि हा फरशीकडे नाही, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. कौतुक ऐकायला आसुसलाय, म्हटलं. मग मी मुद्दामच काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला, तेव्हा वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसल्या.

“भावजी, रागावू नका त्यांच्यावर. त्यांना ऐकू येत नाही.”

“माझं ऐकत नाही, असं म्हणा.”

“तसं नाही हो. दोन वर्षं झाली, कानच गेलेत. सगळा जन्म फरशी कापायच्या मशीनपाशी गेला. आता समोर बसून बोललं तर ओठांवरून कळतं, तेवढंच. कंपनीत कुणाला माहीत नाही. मुळातच कमी बोलतात, संशय कुणाला येणार?”

“मग फरशी कशी तपासतो?”

“हातानं. गुडघ्यांवर बसून एक तळहात फरशीवर पसरतात आणि दुसऱ्या हातानं ठोकतात. म्हणतात, पोकळी हाताला कळते. पण आता मनानं घेतलंय की आपण लोकांना फसवतोय. काल तुम्हाला जे जे दाखवलं ना, ते सगळं गेल्या दोन वर्षांतलं. तुमच्या कानांवर त्यांचा फार विश्वास. एक जरी फरशी तुम्हाला बद्द लागली, तर राजीनामा देणार. लिहून कपाटात ठेवलाय.” वहिनींनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. “काम सुटलं तर हा माणूस घरात बसून खंगून जाईल हो. मी बोलले हे मात्र सांगू नका.”

मला माझीच लाज वाटली. आणि लगेच भीतीही वाटली, कारण मनात आलेलं माझ्या तोंडावर दिसतं. पत्त्यांच्या डावात मला आजवर कुणी भिडू घेतलेलं नाही.

त्या दिवशी यादीतलं एक ठिकाण नशिबी आलं, शहरातला उंच मनोरा. अर्थात खालच्या दालनाची फरशी गेल्या वर्षी ओळंब्यानं तपासलेली होती! बाहेर लोक माना मागे टाकून शिखर बघत होते आणि आत मी काठी टेकत होतो. टणक. टणक. प्रत्येक पावलाला जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या पावलाला परत वर यायचा. शेवटी रखवालदार आला. ओळंब्यानं त्याला काहीतरी सांगितलं, तसा तो अदबीनं दोन पावलं मागे सरला.

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, हा आमच्याकडचा मोठा तज्ज्ञ आहे.”

मग आम्ही लिफ्टनं वर गेलो. नदी, पूल, मैदानं, सगळं शहर खाली पसरलं होतं. “ते लाल छप्पर दिसतंय? तिथली फरशी माझी,” तो बोट दाखवत म्हणाला. “त्याच्या मागचं स्टेशन, तेही माझंच. नदीपलीकडचं कोर्ट. तिथे पांढरा दगड आहे, फार नाठाळ.” मला नुसती छपरं दिसत होती, त्याला छपरांखालचं सगळं दिसत होतं. आमच्याबरोबर घमेली उचलणारा हा पोऱ्या, अर्धं शहर याच्या शब्दावर चालतंय! माझा ऊर भरून आला. सूनबाईसाठी फोटो काढला, त्यात मी रडका आलोय.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला नव्या इस्पितळाच्या दालनात नेलं. लगेच पुढच्या दिवशी ते ताब्यात द्यायचं होतं. करड्या दगडाच्या सहाशे मोठ्या फरश्या, सांधे दोरी लावल्यासारखे सरळ. इतकं चांगलं काम बघितलं की मला शिवीच सुचते, ती मी गिळली. ओळंब्यानं माझ्या हातात खडू दिला आणि तोंडासमोर उभा राहिला.

“तडतड्या, मला ऐकू येत नाही.”

“अरे! कधीपासून?”

तो हसला. “हिनं सांगितलं ना?”

“छे! मुळीच नाही.”

“तुला खोटं बोलता आलं असतं तर तू केव्हाच मोठा ठेकेदार झाला असतास.” मग त्यानं शर्टाचा खिसा थोपटला. “हे दालन मी चार दिवस हातानं तपासलंय. बद्द फरश्या या कागदावर मांडल्यात. आता तू कानानं तपास आणि फुल्या मार. माझ्याकडून सुटलेली एक जरी तुला सापडली, तर उद्यापासून मी घरी. मला वाचवायला जाऊ नकोस. मिस्त्रींची शपथ आहे.”

आणि तो माझ्याकडे पाठ करून भिंतीशी जाऊन बसला.

तिसऱ्या रांगेतच पहिली बद्द फरशी लागली. खडू हातात होता, पण हात पुढे जाईना. त्याची पाठ माझ्याकडे, त्याला ऐकू येत नाही. तसाच पुढे गेलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. मला त्याचा भयंकर राग आला. शपथ घालून मोकळा झाला, आणि त्याचं काम जाणार की राहणार ते माझ्या हातात! पण उद्या याच फरशीवरून आजारी माणसांच्या ढकलगाड्या फिरणार होत्या. मी फुली मारली. चार तासांत अशा अकरा मारल्या.

दुपारी इंजिनिअरबाई आल्या. तरुण, डोक्यावर पिवळी टोपी. ओळंबा उठला आणि त्यांना तिथल्या भाषेत काहीतरी सांगू लागला. मला शब्द कळले नाहीत, पण त्यानं कानांना हात लावला, मग दोन्ही तळहात पुढे केले, तेव्हा कळलं की यानं सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी त्याच्याकडून कागद घेतला आणि पहिल्या फुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिली फुली कागदावर होती. दुसरी होती. पाचवी, आठवी, तीही होती. अकरावी जुळली तेव्हा मी नाचलोच असतो, गुडघ्यांनी साथ दिली नाही म्हणून.

पण कागदावर बारा होत्या. बारावी खांबाजवळची. मी ती पुन्हा वाजवली, मधोमध, चारही कोपरे. टणक. बाईंनी हातोडीच्या दांड्यानं वाजवली. त्याही मान हलवून नाही म्हणाल्या.

“ही भरलेली आहे,” मी म्हणालो. “तू अकरा धरल्यास, तेवढ्या पुरे. उगाच जास्तीची नको.”

ओळंबा खाली बसला. डावा तळहात फरशीवर ठेवून त्यानं डोळे मिटले आणि उजव्या हातानं ठोकलं. “खांबाकडच्या कोपऱ्यात आहे. बशीएवढी.”

“बशीएवढी! मापही घेतलंस? अरे, चाळीस वर्षांत हा कान कधी चुकला नाही!”

तो डोळे मिटून बसला होता, त्यामुळे माझा सगळा संताप फुकट गेला. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि कारागिरांना हाक मारली. त्यांनी सांधा कापला, पहारी घातल्या आणि चौघांनी मिळून फरशी उलटी केली. खाली सगळीकडे माल घट्ट बसलेला होता, फक्त खांबाकडच्या कोपऱ्यात तो पोचलाच नव्हता. बशीएवढीच पोकळी. फार तर चहाची लहान बशी म्हणा.

बाईंनी त्या खळग्यात बोटं घालून पाहिली. मग उठल्या, कागदाच्या मागे पुढच्या सोमवारची तारीख आणि तपासायच्या कुठल्याशा नव्या इमारतीचा पत्ता लिहिला आणि कागद ओळंब्याला परत दिला. तो ते कितीतरी वेळ वाचत राहिला. मी हरलो होतो, ऐन माझ्या कसबात हरलो होतो, आणि छाती मात्र माझीच फुगली होती.

भोवती कारागीर जमले होते, पोकळी कुणी शोधली म्हणून बहुधा एकमेकांना विचारत होते. त्यांच्या भाषेतला एकही शब्द मला येत नव्हता. मी ओळंब्याचं मनगट धरलं आणि त्याचा तो घट्टे पडलेला तळहात सगळ्यांसमोर उंच धरला.

“अरे सोड,” तो कानकोंडा होऊन म्हणाला. “लोक बघतायत.”

“बघू देत!” मी असा ओरडलो, की त्यालासुद्धा ऐकू गेलं.