क्षणदर्शी महाराजांचं अर्धं मिनिट

“आता येईल... हिरवी... हिरवी होडी,” क्षणदर्शी महाराज डोळे मिटून म्हणाले. “तीन देह. एकाच्या मस्तकी शुभ्र वस्त्र.”

वेसाव्याच्या बंदरावरचा तो हॉल एरवी हळदीला भाड्याने जातो. त्या दिवशी तिथे तीनशे माणसं श्वास रोखून भल्यामोठ्या स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर खाडीचं तोंड दिसत होतं, साफ रिकामं. पाणी आणि दोन बगळे, बस्स. मी मनात आकडे मोजत बसले. तीसच्या आसपास पोचले आणि हिरवी होडी आत शिरली. माणसं तीन. एकाने डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला.

हॉल दणाणला. बायका रडल्या, पुरुषांनी कान पकडले. महाराज मंद हसले.

“काळ म्हणजे व्हायब्रेशन आहे, बाळांनो. तुम्ही वर्तमानात अडकलात. मी जरा पुढच्या फ्रीक्वेन्सीवर राहतो.”

किती पुढच्या, ते मी मोजलंच होतं. म्हणे बारा वर्षं हिमालयात तप केलं. एवढं करून माणसाने फक्त अर्धं मिनिट घेऊन यावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

खरी खाडी हॉलच्या खिडक्यांखालीच होती. पण सगळ्या खिडक्यांवर जाड मरून पडदे सोडले होते आणि कडांना चिकटपट्टी मारली होती. कारण काय, तर उघड्या डोळ्याला माया दिसते, कॅमेरा मात्र निर्विकार असतो. म्हणून जेटीच्या खांबावर महाराजांचा निर्विकार कॅमेरा बसला होता. आणि जन्मापासून समुद्र बघत आलेली माणसं समुद्राकडे पाठ करून स्क्रीनवर समुद्र बघत होती.

मी तिथे गेले ती हेमांगीसाठी. अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही एकाच ऑफिसात कामाला आहोत. तिची आई सखुबाई मासळी विकते. दोन महिन्यांपूर्वी टोपलीतल्या शिंगाळ्याचा काटा तिच्या पायाच्या अंगठ्यात गेला. अंगात साखर, त्यामुळे जखम भरलीच नाही. अंगठा काळा पडला. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “लगेच अ‍ॅडमिट व्हा. आता अंगठ्यावर भागेल. पुढचा गुरुवार उलटला तर पाऊल जाईल.”

महाराजांनी त्याहून स्पष्ट सांगितलं होतं, “सुरी लावायची नाही. रोज एक, अशा अकरा बैठका कर.”

आज मंगळवार होता आणि ही सातवी बैठक होती.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठले. झेंडूच्या ढिगाआड परेश नावाचा एक चाळिशीतला टकलू सेवक बसला होता. पूर्वी लग्नाचे व्हिडिओ करायचा. डोक्यावर हेडफोन, तोंडापाशी माइक, मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉपवर काळी खिडकी आणि तिच्यात सरसर पळणारी पांढरी अक्षरं: फ्रेम किती, वेळ किती, वेग किती. बघताक्षणी मी ओळखलं. एफएफएमपेग. माझं पोट त्यावर चालतं. हे फुकट मिळणारं, कोणालाही उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर आहे. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. हुकूम टाइप करा, ते व्हिडिओ कापतं, जोडतं, लहान-मोठा करतं, दुसरीकडे पाठवतं. बिचारं कोणाच्या पाया पडत नाही आणि कोणाला पाडत नाही.

काळ्या खिडकीशेजारी खाडीची दोन चित्रं चालू होती. एकात निळी होडी अर्धी आत आली होती. दुसऱ्यात खाडी रिकामी.

“निळी. दोघं जण,” परेश माइकमध्ये पुटपुटला.

“आता येईल... निळी...” स्टेजवर महाराजांना साक्षात्कार झाला. त्यांचा उजवा कान जटांच्या आड होता. जटा फार कामाच्या असतात.

संध्याकाळी हेमांगीच्या घरी मी सखुमावशीपुढे बसले. जखमेचा वास लपवायला चार उदबत्त्या लावल्या होत्या, तरी तो येत होता.

“मावशी, तुम्ही सुरमईच्या तुकड्या करता ना? व्हिडिओ पाठवताना त्याच्याही तशाच तुकड्या करतात, पाच-पाच सेकंदांच्या. परेशला कॅमेऱ्यातलं ताजं दिसतं. तुमच्या स्क्रीनवर तो सहा तुकड्या मागचं लावतो. मधल्या अर्ध्या मिनिटात महाराजांच्या कानात सांगतो.”

“म्हंजे आमाला शिली मच्छी?”

“शिळी.”

मावशी विचारात पडली. मला वाटलं, जिंकले. मग तिने मान झटकली. “तुजा कम्प्युटर तुज्यापाशी ठेव गो. ज्याला होडी येयाच्या आदी दिसते, त्याला माजा पाय दिसत नसंल?”

तिचं तर्कशास्त्र चोख होतं. पायाच तेवढा कुजका होता, आणि तो महाराजांनी घातला होता. मला संताप आला आणि भीतीही वाटली. जिन्यात हेमांगी माझा हात धरून म्हणाली, “तेजल, काहीतरी कर ना यार. माझं तर ती ऐकतच नाही.”

बुधवारी आठवी बैठक. सखुमावशी पहिल्या रांगेत, खिडकीलगत, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसलेली. महाराजांनी डोळे मिटले तशी मी पडद्याकडे गेले. एका सेवकाने माझं मनगट धरलं.

“ताई, पडदा नाही उघडायचा. तेज सहन होणार नाही.”

“गॉगल आणलाय,” मी म्हणाले.

आमची ही बाचाबाची चालू असताना पडद्याचं दुसरं टोक हेमांगीने दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जीव लावून ओढलं. चिकटपट्टी फाटली, दांडा सुटला, पडदा धाडकन खाली आला. चार वाजताचं ऊन हॉलभर पसरलं आणि समोर खाडी आली.

“ऊर्जा! ऊर्जा भंगतेय!” महाराज ओरडले.

त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही, कारण खाडीच्या तोंडापाशी एक होडी वळत होती आणि कोळ्यांची नजर आपोआप तिकडे गेली होती.

“चंद्रप्रकाश आयला,” सखुमावशी सहज बोलून गेली. “लवकर आयला आज. मालबी कमी दिसते.”

होडी आत शिरली. परेशच्या कानावर हेडफोन, नजर लॅपटॉपवर. त्याने इमानदारीत निरोप पोचवला असणार, कारण घाबरलेल्या महाराजांनी सवयीने तो बोलून टाकला.

“आता येईल... पिवळी होडी... चार देह...”

“अवो, ती कवाच आयली!” मागून एक बाई किंचाळली. “डोले उगडून बगा!”

आणि मग स्क्रीनवर, रिकाम्या खाडीत, चंद्रप्रकाशची पिवळी होडी मोठ्या दिमाखात शिरली.

आधी एक पोरगी हसली. मग सगळा हॉल हसला. तेवढ्यात लांब आणखी एक होडी दिसली आणि बायका एका सुरात ओरडल्या, “आता येईल... केयूरची होडी!” स्क्रीनवर ती आली तेव्हा टाळ्या पडल्या. पाच मिनिटांत वेसाव्यात पन्नास त्रिकालज्ञ तयार झाले, आणि एकीलाही हिमालयात जावं लागलं नाही. मी परेशचा लॅपटॉप उचलून लोकांकडे वळवला आणि दोन्ही चित्रं दाखवली.

सखुमावशी मात्र हसली नव्हती. ती हेमांगीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, लंगडत स्टेजपाशी गेली आणि पट्टी बांधलेला पाय तिने पुढे केला.

“महाराज, माजा पाय कुठल्या कॅमेऱ्यात बगितलास?”

महाराजांनी पायाकडे बघितलं, परेशकडे बघितलं. कानात काहीच आलं नसावं.

“श्रद्धा कमी पडली तुझी,” ते कसेबसे म्हणाले.

“आठ दिवस बसलू तुज्यापुढं,” मावशी म्हणाली. मग ती हेमांगीकडे वळली. “रिक्षा आन.”

हॉस्पिटलात मावशीने डॉक्टरीणबाईंनाही सोडलं नाही. “कापायचा कशावरून? मना दाखव.” बाईंनी एक्स-रे दिव्यावर धरला, हाड कुठे सडलंय तिथे बोट ठेवलं, रक्त कुठवर पोचतं ते कागदावर काढून दाखवलं. मावशीने आणखी तीन प्रश्न विचारले आणि संमतीच्या कागदावर अंगठा उमटवायला हात पुढे केला. पाऊल वाचलं. अंगठ्याबरोबर शेजारचंही एक बोट गेलं. आठवडाभर आधी आला असतात तर अंगठ्यावर भागलं असतं, असं बाई म्हणाल्या. हे ऐकून हेमांगी बाहेर बाकावर बसून रडली, आणि मीही.

महाराजांवर आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. वेसाव्यात अजूनही दहा-वीस जण म्हणतात की पडदा पडला म्हणून सिद्धी गेली. त्यांच्याशी मी रोज भांडते. तुम्हाला मात्र हात जोडून सांगते: डॉक्टर असो, महाराज असो, नाहीतर काळ्या खिडकीत अक्षरं पळवणारी माझ्यासारखी बाई असो, समोरच्याला “कशावरून?” एवढं विचारा. ज्याच्याजवळ उत्तर आहे तो दाखवेल. जो तुमची श्रद्धा मोजायला लागेल, त्याच्यासमोरून उठा आणि दवाखान्यात जा. त्याच दिवशी जा. सखुमावशीचं ते दुसरं बोट काट्याने गेलं नाही, ते आठ बैठकांत गेलं.