सासूबाई बसल्या की येणारा आवाज

आवाज फक्त सासूबाई गाडीत बसल्या की यायचा. एरवी गाडीची काही तक्रार नव्हती. सुनेची वस्तीच्या कडेला रोपवाटिका होती. कुंड्या, मातीच्या गोण्या, कमरेएवढी झाडं, सगळं ती त्या जुन्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीतून घरोघर पोचवायची, आणि गाडी हूं की चूं करायची नाही. पण सासूबाईंना त्यांच्या धाकट्या बहिणीकडे नेलं, की परतताना डांबरी रस्त्याला लागल्यावर खालून सुरू व्हायचं : किच्, किच्, किच्. वेग वाढवला की किचकिच वाढायची. क्लच दाबून गाडी नुसती सोडून दिली तरी थांबायची नाही.

दुसऱ्या दिवशी सून गाडी घेऊन मिस्त्रीकडे जायची, तर आवाज गायब. मिस्त्री गाडी वर चढवायचा, चाकं फिरवून बघायचा, खालचे शाफ्ट धरून गदागदा हलवायचा. सगळं घट्ट.

"वहिनी," तो म्हणायचा, "दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो, तशातली गत आहे ही."

एकदा बहिणीच्याच घरी, चहा पिता पिता, सून बोलून गेली, "घरात कुरकुर करायचा मान खरं तर सुनेचा. पण आई बसल्या की तो गाडीच पटकावते." सगळे हसले. सासूबाईही हसल्या.

पण पुढच्या वेळी बहिणीचा फोन आला, तेव्हा त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. गुडघा त्यांचा दुखायचा हे खरं. म्हणूनच तर त्या मागच्या बाकावर पाय लांब करून बसायच्या. पण त्याच गुडघ्याने त्या दिवसभर गच्चीवर ये-जा करत होत्या, हे सुनेला दिसत होतं.

"आई, गुडघा की गाडी?" तिने सरळच विचारलं.

सासूबाई वाळलेल्या चादरीची घडी घालत होत्या. "पोटापाण्याची गाडी आहे तुझी. माझ्या पायी मोडायला नको."

सुनेच्या जिवाला चटका बसला. थट्टा थट्टेच्या जागी राहिली नव्हती. ती काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी घडी बाजूला ठेवली. "आणि खरं सांगू? मला कोडंच पडलंय. माझ्या बसण्याने किच् का व्हावं? मी काय बाकावर उड्या मारते?"

"चला, मग शोधूनच काढू," सून म्हणाली.

मिस्त्रीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो कान खाजवत ऐकत राहिला. वजनाने मागचा भाग दबतो, मागच्या शाफ्टचा कोन बदलतो, त्याने आवाज येऊ शकतो, असं त्याचं म्हणणं पडलं. मग सासूबाईंच्या जागी मातीच्या गोण्या रचल्या. किती गोण्या, यावर थोडा वाद झाला. मिस्त्रीने आणखी एक उचलली, तर सासूबाईंनी ती खाली ठेवायला लावली. गोण्या घेऊन सगळ्या रस्त्यांवरून फिरून आले. आवाज नाही. मग गोण्या काढून खुद्द सासूबाईंना बसवलं आणि पुन्हा फिरले. तरीही आवाज नाही.

"म्हणजे मी सुटले," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही सुटलात काकू, मी अडकलो," मिस्त्री म्हणाला. "आता बहिणीकडेच जाऊ. मीही येतो."

बहिणीचं घर टेकडीवर होतं. शेवटची चढण दगडगोट्यांची आणि उभी. तिच्या पायथ्याशी सुनेने नेहमीप्रमाणे छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही जोर जोडला. वर दगड इतके खडखडत होते, की खालून कुणी गाणं म्हटलं असतं तरी कळलं नसतं. बहिणीच्या अंगणात गाडी गोल वळवून उभी केली. चहा झाला, बहिणीबहिणींचं बोलणं झालं, आणि ते उतरले. पायथ्याला सुनेने दांडा परत मागे टाकला. डांबरी रस्ता लागला, आणि खालून आलं : किच्, किच्, किच्.

मिस्त्रीने डोळे मिटले. "पुढून येतोय," तो पुटपुटला. "बंद करू नका. अशीच माझ्याकडे घ्या."

"आधी आईंना घरी सोडते. त्यांचा पाय अवघडलाय."

घराच्या फाटकापर्यंत आवाज सोबतीला होता. फाटकातून आत गेलं, की अरुंद अंगणातून परत निघायला गाडी मागे घ्यावीच लागे. सुनेने ती मागे घेतली, रस्त्यावर आणली, पुढे निघाली. मिस्त्री कान देऊन बसला होता.

आवाज नव्हता.

"गेला?" मिस्त्री म्हणाला.

"अहो, थांबा," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या अजून उतरल्याच नव्हत्या. काय होतंय हे बघितल्याशिवाय उतरायची त्यांची तयारी नव्हती. "तू मागे घेतलीस ना, तेव्हा पुढच्या चाकाशी काहीतरी टक् झालं. कडी निघावी तसं."

सुनेने ब्रेक दाबला. मग सून हळूच म्हणाली, "गाडी मी रोज सकाळी अशीच मागे घेऊन बाहेर काढते. तुमच्याकडे यायच्या आधीही."

मिस्त्री खो खो हसत सुटला. "वहिनी, चला परत त्या चढणीवर."

चढण कशाला, गावाबाहेरचं मोकळं मैदान पुरलं. मातीत दांडा ओढला, थोडं चालवलं, डांबरीवर येऊन दांडा मागे टाकला : किच्, किच्. गाडी जरा मागे घेतली : टक्. पुन्हा पुढे : शांत. सासूबाईंनी आणखी एकदा करून दाखवायला लावलं. मग आणखी एकदा.

मिस्त्रीने तिथेच उकिडवं बसून समजावलं. दांडा मागे टाकला की पुढच्या चाकांना जोर मिळणं बंद होतं, पण चाकाच्या मधल्या डबीतली खिट्टी लागलेलीच राहते. गाडी थोडी मागे गेली की मगच ती निघते. तोवर चाकं पुढच्या शाफ्टला उगाचच फिरवत राहतात. आणि त्या शाफ्टचा सांधा वंगणावाचून कोरडा पडलेला.

"पण तुम्ही तर हलवून बघितला होता," सून म्हणाली.

"तिथेच फसलो. झिजलेला सांधा हाताला ढिला लागतो. हा गंजून आवळला होता. मला वाटलं, घट्ट आहे म्हणजे चांगला आहे."

सून सासूबाईंकडे वळली. "आणि चढणीला जायचं ते फक्त तुम्हाला घेऊनच. म्हणून आळ तुमच्यावर आला. मी उगाच बोलले, आई."

"बोललीस म्हणून तर शोध लागला," सासूबाई म्हणाल्या, पण सुनेच्या हातावर त्यांचा हात पडला आणि जरा वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सांधा काढला. टोप्या उघडल्या तर आतून लाल भुकटी सांडली. नवा सांधा बसवून झाल्यावरही सासूबाई स्टुलावरून उठेनात. त्यांना ती खिट्टी बघायची होती. मिस्त्रीने आढेवेढे घेतले, मग चाकाची डबी उघडून दिली. आतली दातेरी कडी पुढे सरकताना आणि मागे येताना त्यांनी स्वतःच्या बोटाने ढकलून पाहिली. बोटं काळी झाली, त्याचं काही नाही.

घरी येऊन त्यांनी हातसुद्धा न धुता बहिणीला फोन लावला. "अगं, ऐक. मोरीच्या दाराची कडी असते ना, ती लागलेली राहते, आणि आपल्याला वाटतं दार उघडंय..." आत कणीक मळता मळता सून ऐकत होती. चाकं, दाते, सांधा, गंज, सगळं यथासांग सांगून झालं. मग पलीकडून धाकटीने काहीतरी विचारलं असावं, कारण सासूबाई एकदम थबकल्या.

"अगं हो, ते सांगायचं राहिलंच," त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, "काय गं, रविवारी जमेल का तुला?"