कार्डाची मागची बाजू

सतरा वर्षं! कोशाच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून सतरा वर्षं तिने एकेका नावाचं मूळ खणून काढलं, आणि नावांचा कोश छापून आला तेव्हा त्यात तिचंच नाव नव्हतं. मुखपृष्ठावर फक्त सर, मुख्य संपादक. आभारांत छपाईवाला होता, सरांच्या डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा होता. ती कुठेच नव्हती.

बायंडरने आधीच एक प्रत गुपचूप आणून दिली म्हणून कळलं तरी. प्रकाशन चार दिवसांवर आलं होतं.

"जाऊ दे गं ताई," धाकटी बहीण म्हणाली, "आत्ताच आजारातून उठलीयस. तब्येत सांभाळ."

"माझी ठणठणीत आहे. आता त्यांची बघते," कार्डताई म्हणाली. कचेरीत सगळे तिला कार्डताईच म्हणायचे.

पेन्सिल घेऊन ती वाचायला बसली आणि सिकंदरपाशी आली. तिची लाडकी नोंद! मूळ ग्रीक अलेक्झांड्रोस, माणसांना राखणारा. अरबांनी सुरुवातीचं 'अल' आपलंच उपपद समजून बाजूला काढलं, उरला इस्कंदर. तोच फारसीतून आपल्या तोंडी सिकंदर झाला. स्पॅनिशमध्ये अलेहांद्रो, हंगेरियनमध्ये शांदोर, रशियनमध्ये लाडाने साशा. वाक्यन्वाक्य तिचं होतं. तिचा नुसता तिळपापड झाला. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: झांद्रोलू, बेटांवरच्या कोळ्यांची बोली.

कार्डताईने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग अशी हसत सुटली की बहीण हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

त्याचं असं होतं. नावाच्या प्रत्येक रूपाचं एक कार्ड; पुढे ते रूप आणि नोंदीचा मजकूर, मागे ते कुठे सापडलं आणि खरं की खोटं, ही कचेरीची रीत. खोटं ठरलेलं कार्डही फेकायचं नाही, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी तेच पुन्हा शोधत बसतं. त्यावर मुख्य संपादकाची सही मात्र हवी. ती आजारी रजेवर असताना सरांनी घाईघाईने सगळ्या कार्डांचे फोटो काढून छापायला दिले होते. फक्त पुढच्या बाजूचे. उलटून बघायचे कष्ट कोण घेतो!

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. ती पहिल्या रांगेत, मांडीवर कार्डांची पेटी.

प्रश्न विचारायची वेळ आली तशी ती उठली. "सर, ते झांद्रोलू कुठे मिळालं हो तुम्हाला?"

सर फुलले. "जुनं हस्तलिखित आहे, मी स्वतः पाहिलंय. घाम गाळावा लागतो, ताई, तेव्हा असं हाती लागतं."

तिने व्यासपीठावर जाऊन प्रकाशकांच्या हातात कार्ड दिलं. "जरा मागची बाजू वाचता? मोठ्यांदा."

प्रकाशकांनी चष्मा लावला. "'सरांनी चहाच्या वेळी सांगितलेलं. चार महिने शोधलं, कुठेही नाही. पुन्हा विचारलं तर सर म्हणाले, अहो, गंमत केली. वगळावे.' खाली तेरा वर्षांपूर्वीची तारीख आहे." त्यांनी कार्ड चष्म्याजवळ नेलं. "आणि सही... सर, ही तुमचीच की!"

सभागृह खो खो हसलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. गेली सतरा वर्षं ते न वाचताच सह्या ठोकत आले होते.

"अशी किती आहेत, ताई?" प्रकाशकांनी हळूच विचारलं.

"एकशे सहा. सगळी छापलीत."

प्रकाशकांनी तिथल्या तिथे विक्री थांबवली.

बाहेर जिन्यापाशी सरांनी तिला गाठलं. "अहो ताई, चारचौघांत असं करतात का? पुढच्या आवृत्तीत दोघांचंही नाव टाकू ना आपण."

तिने पेटीतून एक कोरं कार्ड काढलं. कठड्यावर टेकवून, सुवाच्य अक्षरात, त्यावर सरांचं पूर्ण नाव लिहिलं. मग ते उलटलं, मागे 'वगळावे' लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"करा सही," ती म्हणाली. "या वेळी वाचून करा."