सोमल काढायचा दिवस

"बुधवारी यायचा होता ना तो? आज शनिवार," कालिंदी म्हणाली.

डॉक्टर सरनोबत हात पुसत होते. "येईल हो. दुखायला लागलं की धावत येतात सगळे."

"दुखणार नाही, डॉक्टर. म्हणून तर येणार नाही."

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला लावला आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला सांगितलं.

गारगोटीचा बाबालाल कल्हईवाला सोमवारी जबड्याला पंचा बांधून आला होता. किडक्या दाढेची शीर उघडी पडली होती. डॉक्टरांनी तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा सोमलाचा लेप ठेवला, वर कापूस आणि लवंगेच्या तेलाचं सिमेंट. अडुसष्ट सालातली गोष्ट. सोमल दोन दिवसांत शीर मारतो, मग दाढ साफ करून भरायची, अशी तेव्हाची रीत होती. पण लेप तिसऱ्या दिवशी काढावाच लागे. राहिला तर तो झिरपतो, हिरडी मरते, खालचं हाड मरतं. आणि हे सगळं न दुखता होतं.

पेशंटला बजावायचं काम कालिंदीचं. एकोणीस वर्षं ती या दवाखान्यात होती. "दुखो न दुखो, तिसऱ्या दिवशी यायचंच," हे वाक्य ती तीनदा म्हणे आणि पेशंटकडून वदवून घेई. सहा वर्षांपूर्वी धोंडुबाई नावाची एक बाई महिन्यानं परतली होती, तेव्हा तिच्या जबड्यातून चिंचोक्याएवढा हाडाचा तुकडा निघाला होता. धोंडुबाईचा बसलेला गाल कालिंदी विसरली नव्हती. पण या सोमवारी तिनं एका रडणाऱ्या मुलीचं डोकं धरून ठेवलं होतं. डॉक्टर पाठमोरे "परवा ये" एवढंच म्हणाले आणि बाबालाल निघून गेला. तिनं बजावलं नव्हतं.

गुरुवारी तिनं पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

रविवारी दवाखाना बंद. एरवी त्या दिवशी ती केस धुई, साड्यांना खळ घाली. दुपारपर्यंत सगळं उरकून जाई, मग दुपार सरावी म्हणून झोपे. मंगळवार पेठेतल्या तिच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भाऊ नागपूरला, त्याचं पत्र दिवाळीला येई. या रविवारी ती पहाटे उठली. चिमटा, टोकाचा आकडा आणि छोटी पिचकारी तिनं पातेल्यात उकळून धुतलेल्या कापडात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. आपण त्याला फक्त घेऊन यायला चाललो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. मग हत्यारं कशाला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

गारगोटीला उतरल्यावर तिनं टपरीवाल्याला बाबालालचा ठिकाणा विचारला.

"त्यो काय, देवळाम्होरं भाता हाणतोय बघा."

बाबालाल तापलेल्या पातेल्यात कापसानं कथील फिरवत होता. नवसागराचा पांढरा धूर निघत होता. शेजारी त्याची आई खतिजा राखेनं भांडी घासत होती. भांडी द्यायला आलेल्या दोनचार बायका उभ्या होत्या.

"आवो बाई! तुमी हिकडं कुटं?"

"बुधवारी का नाही आलात?"

"दुकतंय कुटं आता?" तो हसला. "कारड मिळालं, पर म्हटलं, उगं कशाला जायाचं? डॉक्टरास्नी सांगा, हात लई ग्वाड हाय. भाकर चावतोय की मी!"

"बाबालाल, आतलं औषध काढायला हवं. आजच."

"पुढल्या बाजारला येतो."

मग तिला ते नाव घ्यावंच लागलं. "त्यात सोमल आहे."

खतिजाचा हात राखेतच राहिला. "सोमल? उंदरास्नी घालत्यात त्यो?"

"हो."

"माझ्या पोराच्या तोंडात इख घातलंय व्हय?" म्हातारी उठून उभी राहिली. "आनि आता सांगायला आलीस? आठवडाभर काय करत हुतीस?"

"डॉक्टरांनी बरोबरच ठेवलं होतं," कालिंदी म्हणाली. "तिसऱ्या दिवशी काढायचं असतं. ते बजावून सांगायचं काम माझं. मी नाही सांगितलं. चूक माझी आहे."

बाबालालनं भाता सोडला.

"दवाखाना आज उघडा हाय?"

"नाही. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, उद्या येतील."

"मंग तुमीच काडा."

"मी डॉक्टर नाही."

"पर बगितलंय न्हवं तुमी?"

एकोणीस वर्षं बघितलं होतं. तिनं पिशवीतलं कापड उलगडलं.

एका पालथ्या घंगाळावर तिनं त्याला उन्हाकडे तोंड करून बसवलं. सिमेंटचा एक कोपरा उडालेला होता. शेजारची हिरडी करडी, शिजवल्यासारखी दिसत होती. तिनं आकड्यानं दाबून पाहिलं.

"दुखतंय?"

त्यानं मान हलवली. नाही.

तिनं सिमेंट उकरलं, चिमट्यानं कापूस ओढून काढला. निखाऱ्यावर उकळून निववलेलं पाणी पिचकारीत भरून ती पोकळी धूत राहिली, त्याला राखेत थुंकायला लावत राहिली. मग बोटाला स्वच्छ कापड गुंडाळून ती करडी हिरडी हलक्या हातानं घासली. एक पापुद्रा सुटून आला. तिनं पुन्हा घासलं. आणि कापडावर लाल ठिपका उमटला.

"आयाया!" बाबालाल ओरडला.

"दुखलं?"

"दुकलं की ओ!"

"दुखलं ना? खरंच दुखलं ना?" ती विचारत राहिली. तिचे डोळे भरून आलेले पाहून बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

खतिजानं ती राख उचलून लांब खड्ड्यात पुरली. हात धुऊन आली आणि कालिंदीसमोर उभी राहिली.

"आमच्यातलं खाशील न्हवं?"

घरात चुलीपुढं बसवून तिनं वांग्याचं कालवण आणि तव्यावरची भाकरी वाढली. कालिंदीचं ताट रिकामं व्हायच्या आत दुसरी भाकरी पडे. समोर बसून कुणी वाढावं, याची तिची सवय गेली होती. किती झालं म्हणायचं, हेही तिला आठवेना.

"पोरी, घरला वाट बघत असतील."

"हो," कालिंदी म्हणाली. "बघत असतील."

निघताना खतिजानं चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. "घरच्यास्नी दे."

त्यातली एक तिनं रात्री खाल्ली. तीन सकाळी दवाखान्यात नेल्या, पण तिथंही त्या एकटीनंच खायच्या होत्या.

सोमवारी बाबालाल सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. डॉक्टरांनी आरशातून दाढ पाहिली आणि त्यांचा हात थांबला.

"हे कुणी काढलं?"

"ह्या बाईंनी. गारगोटीला आलत्या."

डॉक्टरांनी वर पाहिलं. कालिंदी ट्रे धरून उभी होती. त्यांनी हिरडी तपासली, हाड दाबून पाहिलं. "वाचलं आहे," म्हणाले. शीर साफ करून त्यांनी तात्पुरतं औषध भरलं, पुढची तारीख दिली. ती तारीख कालिंदीनं बाबालालकडून तीनदा वदवून घेतली.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी कोट चढवला.

"कालिंदीबाई, पेशंटच्या तोंडात पुन्हा हात घालायचा नाही. काही झालं असतं तर दवाखाना बंद पडला असता."

"हो, डॉक्टर."

ते दारापर्यंत गेले आणि वळले. जरा घुटमळले. "गेलात कशानं तिथवर?"

"एसटीनं."

त्यांनी मान डोलावली आणि ते जिना उतरू लागले.

"जाताना खिडकीजवळची जागा मिळाली होती," कालिंदी म्हणाली.

त्यांच्या बुटांचा आवाज तोवर खाली रस्त्यावर पोचला होता. तिनं स्टोव्ह पेटवला आणि हत्यारं उकळायला ठेवली.