मृणालीची उंची

“श्वास सोड. ताठ उभी राहा,” असे म्हणत यशोदाबाईंनी टेप पुन्हा लावला. कुर्त्याची लांबी एकोणतीस इंच. गेल्या जूनमध्ये एकोणतीस होती, आणि त्याच्या आदल्या जूनमध्येही.

दोंडाईच्यात बावीस वर्षे त्या शाळेचे गणवेश शिवत होत्या. पोरी कशा वाढतात हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. मृणाली अकरा वर्षांची. चेहरा सुजल्यासारखा, आणि बाहेर एवढा उकाडा असून हात गार.

“किरण, पोर वाढनी नही,” त्या तिच्या आईला म्हणाल्या.

“बरंच शे ना अक्का, जुना कपडा चालतस. आमना घरमा बठ्ठाच बुटका शेतस.”

“बुटकी पोरबी वरीसमा बोटभर तरी वाढस. हिले धुळाले डॉक्टरले दखाडी ये.”

किरणचा चेहरा उतरला. दुकानात आणखी दोघी बसल्या होत्या.

“कपडा शिवस तू, डॉक्टर शे का? मन्ही पोरले नजर लावू नको.” कापड उचलून, मुलीला ओढत ती निघून गेली.

आठवड्यात गल्लीभर झाले, यशोदाबाई पोरांना नावे ठेवते. चार घरांची कापडे परत गेली. यशोदाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. किरणच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो, असे त्यांना वाटले. तरी सकाळी त्या शाळेत गेल्या आणि मृणालीच्या वर्गाच्या बाईंना तिन्ही वर्षांची मापे दाखवली. वर्गात मृणाली सारखी पेंगते, हे बाईंनी पाहिलेच होते. आरोग्य तपासणीचे पथक आले तेव्हा बाईंनी तिला पुढे उभे केले.

पथकाने तिला धुळ्याला पाठवले. तिथे रक्त तपासले. थायरॉईड कमी निघाला. “दोन वर्षं आधी आणायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले, “सगळी उंची भरून निघेलच असं नाही. पण गोळी चुकवू नका.” किरण तिथेच बाकावर बसून रडली, असे बाईंनी नंतर सांगितले.

किरण मात्र दुकानात परत आली नाही. त्या वर्षीचा गणवेशही तिने स्टेशनाजवळच्या टेलरकडे टाकला. आपणच चारचौघांत बोललेले शब्द तिला गिळता येत नव्हते. यशोदाबाईंनीही निरोप धाडला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी शाळेची घंटा झाली आणि मृणाली दुकानासमोरून धावत गेली. कुर्त्याचे खांदे ढगळ, शिवण वाकडी. चार महिन्यांपूर्वी शिवलेली सलवार घोट्याच्या चांगली वर चढली होती.

यशोदाबाईंनी मशीन थांबवले. पोर वळणापलीकडे जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या.