कोरीन थिबोची सही

आमच्या काउंटीच्या निवडणूक कचेरीत आर्डिथ कोल्स्टाड मतदारयादी सांभाळायची. माझं टेबल तिच्या शेजारीच. त्या वर्षी राज्याने नवा कायदा केला. दर महिन्याला आमच्याकडे मृतांची यादी येणार, जुळतील ती नावं आम्ही मतदारयादीतून काढायची आणि त्या माणसाच्या पत्त्यावर तसं पत्र धाडायचं. चूक झाली असेल तर त्याने तीस दिवसांत स्वतः येऊन शपथेवर सही करायची. मेलेल्यांना पत्रं लिहितोय म्हणून पहिले दोन महिने आम्ही हसलो.

ऑक्टोबरात एका दुपारी ते पत्र हातात घेऊन कोरीन थिबो आली. एक्याऐंशी वर्षांची, तळ्यापलीकडे राहणारी. तिची जुळी बहीण डेल्फीन मार्चमध्ये गेली होती. दोघींचं आडनाव, जन्मतारीख, पत्ता एकच. यादीने डेल्फीनला जिवंत ठेवून कोरीनला मारलं होतं.

आर्डिथने माफी मागितली, लायसन्स पाहिलं, अर्ज पुढे केला. कोरीनने सही केली. नियमाप्रमाणे आर्डिथने दोघी बहिणींची मतदार-नोंदणीची जुनी सहीची कार्डं काढून सही ताडून पाहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. नाव कोरीनचं होतं, पण अक्षर डेल्फीनच्या कार्डावरचं. तसंच डावीकडे कललेलं, शेवटी तसाच लांब फराटा.

आर्डिथने तिला पुन्हा सही करायला सांगितलं. या वेळी अक्षर कोरीनचं आलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्डासारखं हुबेहूब. तिसऱ्यांदा पुन्हा डेल्फीनचं.

आर्डिथने हळूच विचारलं, "आजी, तुम्ही एकमेकींच्या सह्या करायचात का?"

शाळेत करायचो, बाईंना कधी कळलं नाही, असं म्हणून ती किंचित हसली. मग आपल्या बोटांकडे बघत बोलू लागली.

"थडग्यावर डेल्फीनचंच नाव आहे. मीच कोरून घेतलंय. पण जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'डेल्फीन, थंडी वाजतेय गं.' तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, पोरी. तेव्हापासून मी आठवत बसते, दोघींतली मी नक्की कोणती. त्यात तुमचं हे पत्र आलं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"शपथेवर खोटं बोललेलं चालत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," आर्डिथ म्हणाली. "तुमच्या घरात आता जिवंत किती जणी?"

"एक."

"मग तिचं नाव सांगा. मला घाई नाही."

पाच-सात मिनिटं गेली असतील. मग तिने हात वर करून शपथ घेतली, कोरीन म्हणून. चौथी सही तिने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत केली. ती दोघींपैकी कुणाचीच नव्हती. आर्डिथने तीच नव्या कार्डावर लावली, कोरीनचं नाव मतदारयादीत परत घातलं आणि डेल्फीनचं कमी केलं.

नोव्हेंबरात ती मतदानाला आली. नाव विचारल्यावर चटकन सांगितलं, सही जुळली, मत देऊन आपल्या गाडीने घरी गेली. काहीही अडलं नाही.

पण आर्डिथ आता एकटीने सह्या ताडत नाही. कार्डं काढली की मला हाक मारते, आणि मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसते.