कोंडीबाचं पान

बनुबाईला बैठकीला बोलावलं होतं ते नुसतं हो म्हणायला. उंब्रजच्या पलीकडं तिचं गाव. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं वेशीत स्मारक व्हायचं हे कधीचंच ठरलेलं. काळ्या दगडाची शिळा येऊन पडली होती आणि लढाईत पडलेल्या तिघांची नावंही कोरून झाली होती. राहिला होता एकटा कोंडीबा, बनुबाईचा नवरा. एकाहत्तरच्या लढाईला तो सरहद्दीवर गेला, आणि मग ना माणूस आला, ना मढं, ना धड खबर. कुणी म्हणालं पलीकडच्या तुरुंगात आहे, कुणी म्हणालं पहिल्याच दिवशी गेला. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ एवढाच शब्द आला. त्या एका शब्दावर बाईनं चोपन्न वर्षं काढली.

स्मारक कमिटीचे मुख्य होते निवृत्त सुभेदार बिरदेव. कोंडीबासाठी शिळेशेजारी एक दगडी खुर्ची बसवायची, कायम रिकामी, असं ते मोठ्या हौसेनं सांगत होते. कल्पना त्यांच्या नातीची, साताऱ्याला कॉलेजात शिकणाऱ्या अंकिताची. परदेशात कैदेतल्या आणि हरवलेल्या सैनिकांसाठी असं करतात म्हणे. पोरीनं मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर ताट, पेला, आणि समोर रिकामी खुर्ची.

बनुबाईनं चष्मा सावरून बघितलं. पेला पालथा का घातलाय, असं तिनं विचारलं. अंकिता हळूच म्हणाली, “आजी, ते प्यायला इथं नाहीत ना, म्हणून.”

झालं! पुढं कोण काय बोललं ते बनुबाईच्या कानात शिरलंच नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, “खुर्ची ऱ्हाऊ द्या. त्या तिघांच्या खाली ह्यांचं नाव घाला.”

कोंडीबाचा धाकटा भाऊ गुंडा मागं बसला होता. बनुबाई लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीतला पोर, तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. आता सत्तरीला टेकलेला गडी, पण ताडकन उठला. “वैनी, आपल्या हातानं मारताय व्हय दादाला?” एवढं बोलून तो चपला न घालताच निघून गेला.

गाव काय, बोलायला टपलेलंच. पंधरा ऑगस्टला बनुबाईला पहिल्या रांगेत बसवायचं, मास्तरांनी पोरांना तिच्याकडं बोट दाखवून सांगायचं की बघा, ही अजून वाट बघते. तिचं वाट बघणं हा गावाचा मान झाला होता, आणि तीच बाई आता म्हणते पुरे. एकीनं तर नळावर विचारलंच, मग कुंकवाचं काय. बनुबाई म्हणाली, ज्याला पुसायचंय त्यानं समोर यावं. कोण येतंय समोर!

तिच्या मनातलं वेगळंच होतं, आणि ते तिनं कधी कुणाजवळ काढलं नव्हतं. दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला घरात म्हाळ असायचा. वडे, खीर, कढी, अळूची भाजी, सगळं तिच्याच हातचं. आबा, म्हणजे सासरे, गेल्यापासून गुंडा स्लॅबवर पान ठेवायचा आणि आज्या-पणज्यापासून एकेकाचं नाव घ्यायचा. नात्यातला एक चुलता लग्नाआधीच गेलेला, त्यालाही घास होता. कोंडीबाला नव्हता. जो गेलाच नाही त्याला पान कसं वाढायचं? जिवंत असला तर तिकडं कुणीतरी वाढत असेल, ठीक आहे. पण पहिल्याच दिवशी गेला असेल तर? तर चोपन्न वर्षं तो आपल्याच घराच्या दारात उपाशी उभा आहे, आणि घरातले सगळे त्याच्यासमोर जेवताहेत. ज्याला दुपारची भाकरी घटकाभर उशिरा आली तरी खपत नव्हती, तो माणूस! आणि रिकामी दगडी खुर्ची मांडून एकदा ‘अजून वाट बघतोय’ असं झालं, की तिच्या माघारीही कुणी त्याला घास घालणार नाही.

गुंडा दोन दिवस जेवायला घरी आला नाही. नावं कोरणारा पाथरवट रविवारी परत जाणार होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बनुबाई दुखऱ्या गुडघ्यांनी बांधाबांधानं उसात गेली. गुंडा पाला काढत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पालथ्या पेल्यापासून.

गुंडा हातातला पाला टाकून बांधावर बसला.

“आवं वैनी,” तो म्हणाला, “आबा गेल्यापास्नं मी ठेवतूय की त्येचं पान. गोठ्याच्या माघारी, पत्र्यावर. तुमास्नी दिसलं असतं तर तुमी कोसळला असता. म्हून बोललो न्हाई.”

बनुबाईला आधी हुंदका आला आणि त्याच्या मागोमाग सणसणीत राग. एवढी वर्षं ती आतल्या आत जळत होती, आणि हा बाबा गोठ्यामागं चोरून वाढत होता! त्याला चार शिव्या द्याव्यात की जवळ घ्यावं, तिला कळेना. मग तिला एक सुचलं आणि तिनं विचारलं, नाव घेऊन ठेवत होतास का?

गुंडानं नाही म्हणून मान हलवली. नाव घ्यायला जीभ रेटली नव्हती. नाव घेतलं की दादा खरंच गेला, असं झालं असतं.

“हाक मारल्याबिगर त्ये कवा जेवायला उठलं व्हतं का रं?” बनुबाई म्हणाली.

तेव्हा मात्र सत्तरीचा गुंडा तोंडावर टॉवेल धरून रडला. ती शेजारी बसून राहिली. दिवस कलल्यावर दोघं मिळूनच बिरदेवांकडं गेली, आणि दादाचं नाव घाला असं गुंडानंच स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

शनिवारी चौथं नाव कोरून झालं. बाकीच्यांच्या नावापुढं तारीख आहे, कोंडीबाच्या नावापुढं ‘बेपत्ता, १९७१’. खुर्चीचा दगड आधीच येऊन पडला होता, त्याचं काय करायचं असं बिरदेवांनी चाचरत विचारलं. बसवा की, बनुबाई म्हणाली, येणारा-जाणारा टेकेल.

सर्वपित्री अमावस्येला तिनं पहाटेपासून रांधलं. गुंडा पान घेऊन स्लॅबवर गेला, आणि कधी नव्हे ती बनुबाईही एकेक पायरी करत त्याच्या मागं चढली. त्यानं आज्या-पणज्याचं नाव घेतलं, आबांचं घेतलं, चुलत्याचं घेतलं. मग दुसरं पान पुढं सरकवून “दादा” म्हणाला आणि तिथंच अडला. कढी पानावरून वाहायला लागली तरी तो तसाच ओणवा.

बनुबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती पुढं झाली.

“आवं,” तिनं शिवारापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, “या जेवायला. पान वाढलंय.”